एका बटणाला एकच काम

परबवहिनींचा फोन आला तेव्हा दुपारचे पावणेपाच झाले होते, आणि त्यांचं नाव बघून माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, "आता काय केलंन ह्याने?" हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. परबवहिनी डिलाईल रोडच्या आमच्या जुन्या चाळीत राहतात, माझ्या थोरल्या भावाच्या, भाईच्या, शेजारच्या खोलीत. भाईने काहीतरी उपद्व्याप केल्याशिवाय त्या मला कधी फोन करत नसत. कधी त्याने अख्ख्या मजल्याचे फ्यूज तपासायला म्हणून काढून ठेवलेले असायचे, कधी कोणाचा तरी चांगला चालणारा मिक्सर खोलून बसलेला असायचा. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, लगेच या. भाई उठत नाहीत." मी चपला शोधता शोधता माझ्या बायकोला, नलिनीला, म्हणालो, "झोपला असेल गाढ. आता पुन्हा टॅक्सी." चाळीत पोचेपर्यंत मी त्याच्यावर वैतागलेलाच होतो. खोलीबाहेर माणसं चपला काढून उभी होती, तेव्हा कुठे मला कळलं.

त्याला आता सात आठवडे झाले. अशा लेखांचा सूर जरा हळवा ठेवायचा असतो हे मला ठाऊक आहे. गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली, आणि असे कितीतरी लेख मी शुद्ध करून दिलेत. त्यांतली सगळी माणसं मनमिळाऊ, हसतमुख आणि परोपकारी असायची. आमचा भाई, म्हणजे दत्ताराम, पहिल्या दोन्हींत बसत नव्हता. परोपकारी होता, पण समोरच्याने न मागितलेले उपकार करायचा. हट्टी होता, तोंडाळ होता, आणि सगळ्यात वैतागाची गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा बरोबर असायचा. बरोबर ठरला की "मी काय म्हटलेलं?" असं तोंडावर सांगितल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. परळच्या एका मोठ्या इस्पितळात तो आयुष्यभर वायरमन होता, आणि निवृत्त झाल्यावर सगळ्या चाळीचा वायरमन झाला, चाळीला हवा असो वा नसो.

त्याच्या एका सवयीतून हे सगळं झालं, म्हणून ती नीट सांगतो. भाई कुठलाही स्विच एकदा दाबून थांबत नसे. बंद करायचा, चालू करायचा, पुन्हा बंद, पुन्हा चालू, आणि शेवटी बंद. मोजून पाच. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याला काम शिकवणाऱ्या जुन्या वायरमनने एक खटका खाली केला, वीज गेली असं समजून तारेला हात घातला, आणि ते भिंतीवर जाऊन आपटले. खटका खाली आला होता, पण आतला सांधा चिकटून तसाच राहिला होता. ते वाचले, मात्र उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. तेव्हापासून भाईचं पक्कं झालं की चालू होताना दिसल्याशिवाय बंद झालं यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि एकदा दिसलं तर तो योगायोग असू शकतो, म्हणून दोनदा बघायचं. तो घराबाहेर पडताना त्याच्या खोलीतली ट्यूब अशी उघडझाप करायची की समोरच्या चाळीलाही कळायचं, भाई निघाले. त्याची बायको, आमची वहिनी, होती तोवर म्हणायची, "तुमच्या खात्रीपायी माझी ट्यूब मरते." ट्यूबा खरंच फार जायच्या.

बटणांविषयीचं त्याचं मतही इस्पितळातलंच. तिथे एका वॉर्डात खाटांशेजारी नव्या पाट्या बसवल्या होत्या. बटण एक आणि सोयी दोन: पटकन दाबलं की डोक्यावरचा दिवा, दाबून धरलं की सिस्टरांच्या टेबलावर घंटा. साताऱ्याकडच्या एक आजी तिथे होत्या, ऑपरेशन झालेलं, बोटांत जोर नाही. त्यांना सिस्टर हवी असायची आणि दिवाच लागायचा-विझायचा. सिस्टर लांबूनच ओरडायच्या, "आजी, लाईटशी खेळू नका." दोन दिवसांनी आजींनी बटणाला हात लावणं सोडलं आणि अंथरूण ओलं झालं तरी गप्प पडून राहू लागल्या. भाई पंख्याच्या कामाला तिथे गेला होता, त्याने हे पाहिलं. साहेबांना विचारलं नाही, अर्ज केला नाही. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता त्या वॉर्डातल्या सगळ्या पाट्या खोलून त्याने दिवा वेगळा आणि घंटा वेगळी करून टाकली. त्याबद्दल त्याला मेमो मिळाला. तो त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दार उघडून दाखवायचा. मला तो किमान पन्नास वेळा दाखवला असेल.

अशा माणसाला पंचाहत्तरीला त्याच्या मुलीने नवा फोन दिला. शुभा बंगळुरूला असते. आईच्या माघारी बाबा एकटे, म्हणून तिने त्या फोनमध्ये झाडून सगळ्या सोयी लावून दिल्या, आणि त्या सगळ्या एकाच बटणात होत्या, फोन चालू-बंद करायच्या. एकदा दाबलं की पडदा उजळायचा किंवा विझायचा. दोनदा दाबलं की कॅमेरा. दाबून धरलं तर फोन बंद होईल असं तुम्हाआम्हाला वाटेल, पण तसं नाही. आतून एक बाई विचारायची, मी आपली काय मदत करू? आणि पाच वेळा भराभर दाबलं की फोन समजायचा, माणूस संकटात आहे. मग भोंगा वाजायचा, उलटे आकडे मोजले जायचे, आणि 'मला मदत हवी आहे' असा संदेश भाईच्या ठिकाणाच्या नकाशासकट माझ्या फोनवर यायचा, कारण शुभाने तिथे माझा नंबर घातला होता.

पाच वेळा. जगातल्या इतक्या आकड्यांमधून त्या फोनवाल्यांना पाचच सापडला.

पहिल्या दिवशी मी तिथे होतो. भाई बटण दाबून धरून बसला होता, आणि ती बाई बोलली तसा त्याने दचकून फोन गादीवर टाकला. "ही कोण?"

"मदतनीस आहे, भाई."

"माका मदत नको. माका ह्यो बंद करूचो असा."

बाईला मालवणी कळेना. ती म्हणाली, कृपया पुन्हा सांगा. भाईने पुन्हा सांगितलं, मग मोठ्याने सांगितलं, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "वसू, मेल्या, बंद हो म्हणान आता स्विचाकच इनंती करूची?" मी त्याला दाखवलं की पूर्ण बंद करायला हे बटण आणि शेजारचं आवाजाचं बटण एकत्र धरावं लागतं. त्याने फोन उलटासुलटा करून बघितला. म्हणाला, म्हणजे बंद करायच्या बटणाने बंद होतच नाही. मी म्हटलं, होतं, पण जरा वेगळ्या रीतीने. मला उशीर होत होता आणि मी त्या बटणाची बाजू घेऊन बोलत होतो, हे आज आठवलं की माझाच राग येतो.

भाईने त्यातून आपला मार्ग काढला. दुपारी जेवून लवंडण्याआधी तो पडदा विझवायचा, त्याच्या पद्धतीने, बंद-चालू-बंद-चालू-बंद, आणि फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावायचा. पहिला संदेश मला आला तेव्हा मी भोईवाड्यात आमच्या घरी जेवत होतो. हात धुतला न धुतला आणि खाली धावलो. टॅक्सी परळला अडकली तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्या तेराव्यापर्यंत पोचलो होतो. जिना चढून गेलो तर दारात अर्धा मजला जमलेला आणि भाई खाटेवर बसून त्या डब्याला शिव्या घालतोय. मला बघून म्हणाला, "तू कित्याक इलस?"

एरवी आकडे संपायच्या आत परबवहिनी किंवा आणखी कोणी धावत येऊन भोंगा थांबवायचं, तरी चार महिन्यांत आठ वेळा संदेश माझ्यापर्यंत पोचला. दादरला आमच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी भाईने सभ्य माणसासारखा आपला फोन बंद केला. पाचदा. भोंगा असा वाजला की भटजी अंतरपाट सोडून मागे सरकले. मी चार खुर्च्या पलीकडे होतो. माझ्या खिशात संदेश आला की भाऊ संकटात आहे, आणि नकाशावर तो मला माझ्याच डोक्यावर बसलेला दिसला. मी त्याला हजारदा सांगितलं असेल की बाबा, एकदाच दाब. त्यावर तो विचारायचा, एकदा दाबून बंद झाला ह्या माका कोण सांगतलो? पन्नास वर्षं ज्या अंगठ्याने अशी खात्री केली त्याला पंचाहत्तरीनंतर शिकवणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

आणि न्यायाने सांगायचं तर, ती सोय काढून टाक असं तो मला पहिल्या आठवड्यापासून सांगत होता. नको म्हणत होतो तो मीच. एका रविवारी त्याच्या खोलीत आमचं यावरून कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, तू एकटा असतोस, छातीत दुखायला लागलं तर चष्मा शोधून नंबर लावणार आहेस का? एका बटणाने चार कामं झाली तर तुझं काय जातं? तो म्हणाला, "तसा नाय ता. मी रोज झोपताना पाच वेळा दाबतलंय, आणि मरतानाय पाच वेळाच दाबतलंय. तुका कळतला कसा, मी खयचा सांगितलंय ता?" मी त्याच्या खिशातला टेस्टर उपसून त्याच्यासमोर धरला. "हा काय आहे मग? याने तू करंट बघतोस आणि स्क्रूपण फिरवतोस. एकाच वस्तूची दोन कामं झाली की नाही?" मला वाटलं, आता हरला. भाईने टेस्टर माझ्या हातातून घेतला, परत खिशाला लावला आणि म्हणाला, "मी किती वेळा फिरवलंय ता टेस्टर मोजीत बसना नाय." वर, चांगला वायरमन टेस्टरने स्क्रू फिरवत नाही, तो फिरवतो ती त्याची खोड आहे, हेही ऐकवलं. चहा न घेताच मी निघालो.

नवव्या वेळी मात्र हद्द झाली. नलिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दादरला होतं. ती फार घाबरली होती, आत नेईपर्यंत माझा हात सोडू नका म्हणाली होती. आम्ही बाकावर बसलेलो आणि संदेश आला. भाईला फोन लावला, उचलेना. परबवहिनी गावाला गेलेल्या. नकाशावरचा ठिपका लोअर परळला भर रस्त्यात दिसत होता. मला वाटलं, रस्त्यातच पडला. नलिनीच म्हणाली, "जा तुम्ही. खरंच काही असलं तर?" गेलो. भाई तिथल्या एका सलूनमध्ये तोंडाला साबण लावून खुर्चीत रेलला होता. बसण्याआधी त्याने फोन व्यवस्थित बंद करून खिशात घातला होता. न्हावी म्हणाला, भोंगा वाजला तेव्हा त्याला वाटलं बाहेर रुग्णवाहिका आहे. मी त्या सलूनमध्ये जे बोललो ते छापण्यासारखं नाही. परत दादरला पोचेपर्यंत नलिनीला आत नेऊन बाहेरही आणलं होतं, डोळ्यावर पट्टी होती. तिने विचारलं, "भाई बरे आहेत ना?" तेवढंच. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी डिलाईल रोडला गेलो. फोटो फार साठलेत, साफ करून देतो, असं सांगून भाईचा फोन मागून घेतला, खिडकीपाशी पाठ करून उभा राहिलो आणि ती सोय बंद करून टाकली. आता पाचदा दाबा नाहीतर पन्नासदा, भोंगा नाही आणि संदेशही नाही. मग फोन त्याच्या हातात दिला आणि त्याला काही सांगितलं नाही... का सांगितलं नाही, हे मी स्वतःला रोज विचारतो, आणि उत्तर रोज तेच येतं. सांगितलं असतं तर तो जिंकला असता. चार महिने तो जे मागत होता तेच मी शेवटी केलं होतं, आणि मला त्याचं ते "मी काय म्हटलेलं?" ऐकायचं नव्हतं. शुभालाही कळवलं नाही. तिला काय सांगणार होतो, की मला दगदग होते म्हणून तुझ्या बाबांचा दोर मी कापला?

त्यानंतर पाच आठवडे माझा फोन शांत होता. मी सुखाने जेवत होतो. भाईच्या काही लक्षात आलेलं दिसत नव्हतं. तो जायच्या आधीच्या रविवारी मी गेलो तेव्हा तो कोणाची तरी इस्त्री खोलून बसला होता. त्याने उठून चहा केला, मला दिला आणि इस्त्रीत डोकं घालत म्हणाला, "हल्ली तुका धावूचा लागना नाय मां?"

"नाही," मी म्हटलं.

"बरा झाला." एवढंच आमचं शेवटचं बोलणं. नंतर त्या इस्त्रीच्या कॉइलबद्दल तो अर्धा तास बोलला, ते मी ऐकलं नाही.

गुरुवारी दुपारी तो गेला. चार वाजून गेले तरी चहाला उठला नाही म्हणून परबवहिनींनी हाक मारली, दार लोटलेलंच होतं. फोन डब्यात नव्हता, त्याच्या हातात होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले असावेत. जन्मभर मुद्रितं तपासलेल्या माणसाला 'गेले' आणि 'गेले असावेत' यातला फरक कोणी शिकवायला नको. तरी त्या गर्दीत मी ते मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी शुभाने तो फोन माझ्याकडे दिला. "काका, बाबांचा एखादा बरा फोटो असेल तर बघा ना, फ्रेमला हवा." मी उघडून बघितलं. कॅमेऱ्याची सोय मी काढली नव्हती, ती मला निरुपद्रवी वाटली होती. भाई खात्री करताना दोनदा दाबलं गेलं की कॅमेरा उघडायचा, आणि त्याच मुठीत आवाजाचं बटण दाबलं जाऊन फोटो निघायचा. त्यामुळे त्याच्या फोनमध्ये रोज दुपारी एखादा छताचा फोटो असायचा, क्वचित दोन. त्या गुरुवारचे सात होते. पंखा. पंख्याचं एक पातं. गादीची कड. खिडकीचे हललेले गज. अंगठा. पुन्हा पंखा. शेवटचा नुसता काळा. सगळे सव्वादोनच्या सुमाराचे, पाच मिनिटांच्या आतले.

सात फोटो म्हणजे त्याने ते बटण किती वेळा दाबलं असेल? एरवी पाचदा दाबून थांबणारा माणूस पाच मिनिटं ते बटण का दाबत बसेल? सव्वादोनला मी काय करत होतो तेही मला आठवतं. जेवून पेपर वाचत होतो, फोन शेजारी होता आणि तो वाजला नाही... वाजणार कसा? त्याने मला विचारलं होतं, तुला कळणार कसं मी कुठलं सांगितलं ते. नाहीच कळलं. तो नेहमीसारखा फोन बंद करत होता की मला बोलावत होता, हे त्या फोटोंवरून कोणालाही सांगता येणार नाही. मी ते शुभाला दाखवले नाहीत. चांगला फोटो सापडला नाही म्हणून सांगितलं. दहाव्याला, तेराव्याला लोक येऊन म्हणत होते, तुम्ही होतात म्हणून भाईंना आधार होता, आणि मी मान हलवत होतो. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. नलिनी समजली भावाचं दुःख आहे. ते होतंच, पण त्याच्यावर हे बसलं होतं.

शुभा परत गेल्यावर एका सकाळी मी खोली आवरायला एकटाच गेलो. इतके दिवस खोलीत माणसं होती, गाद्या भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. त्या मी हलवल्या, तर खाटेच्या उशाशी भिंतीवर एक नवं पांढरं बटण दिसलं, दारावरच्या घंटीला असतं तसं साधं. वर भाईच्या अक्षरात कागदाची पट्टी चिकटवलेली: 'फक्त बोलावणे'. कोणाला बोलावणे? मी ते दाबलं. खोलीत काहीच वाजलं नाही. भिंतीपलीकडे कुठेतरी किर्रर्र झालं, काहीतरी भांडं पडलं, आणि परबवहिनी पिठाच्या हातांनी धावत दारात आल्या. मला बघून त्यांनी चौकट धरली आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"भावजी, जीव गेला ना माझा."

मी विचारलं, "ही कधी बसवली?"

"ते जायच्या आधी महिनाभर." त्या पदराने पीठ पुसत राहिल्या. बोलावं की नाही असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. पण आता काय... एक दिवस माझ्यासमोरच त्यांनी फोन बंद केला, पाच वेळा, त्यांच्या रीतीने. मी कानावर हात ठेवून उभी. भोंगा वाजलाच नाय. पुन्हा केलं, तरी नाय. मग जरा हसले आणि म्हणाले, वसूने सप्लाय तोडलान."

मी खाटेवर बसलो. "रागावला?"

"नाय ओ. म्हणाले, बरोबर केलंन. उगाच धावायचा, त्याचं पण वय झालंय. दुसऱ्या दिवशी वायर घेऊन आले आणि माझ्या ओट्यावर बेल लावली. म्हणाले, परबवहिनी, ही वाजली म्हणजे मी बोलावतोय, तिचा दुसरा काय अर्थ नाय. आणि वसूकडे बोलू नका. त्याला वाटूंदे, मला कळलं नाय."

मग मी त्या गुरुवारचं विचारलं. परबवहिनींनी माझ्याकडे नीट बघितलं. "घरातच होते मी. दीडपासून ओट्यापाशी तांदूळ निवडत होते, चारपर्यंत हलले नाय. बेल वाजली नाय भावजी. देवाशप्पथ सांगते. वाजली असती तर आले नसते का?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं की त्या बटणाने मी येणार नाही. सप्लाय नाही हे माहीत असलेला वायरमन मदतीसाठी तो स्विच दाबत बसत नाही. उशाशी हात पोचेल असं बटण होतं, ते त्याने दाबलं नाही. मग सात फोटो कशाचे, ते मला अजून सांगता येत नाही. झोप येत नसेल, हात थरथरत असेल, पडदा विझत नसेल. पण तो मला बोलावत नव्हता. ही सुटका मला मिळाली ती मी त्याला तोडलं हे त्याला कळलं होतं म्हणूनच. एक हवं तर दुसरंही घ्यावं लागतं. आणि भाई, जो मी साधी छत्री विसरलो तरी गॅलरीतून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडायचा, तो एवढा मोठा विजय हातात आल्यावर गप्प बसला. मला चहा करून दिला आणि इस्त्रीबद्दल बोलत राहिला. मला त्याचा भयंकर राग येतो. बोलला असता तर मी आधी भांडलो असतो, मग वरमलो असतो, आणि ती वायर ओढताना त्याचं स्टूल तरी धरलं असतं. पंचाहत्तरीचा माणूस एकटा स्टुलावर चढला असेल.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी शुभाला फोन करून सगळं सांगितलं, फोटोंसकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मला तरी सांगायचं होतंत." आणि फोन ठेवला. चार दिवस तिचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी आला तो मृत्यूच्या दाखल्याच्या प्रतींसाठी, आणि ठेवताना तिने नलिनीच्या डोळ्यांची चौकशी केली. तिचं म्हणणं अजूनही तेच आहे, की ती सोय चांगली आहे आणि कितीतरी जणांना तिने वाचवलं असेल. असेलही. ज्यांचा अंगठा भाईसारखा नाही त्यांनी ती खुशाल ठेवावी. पण ज्याने कोणी बंद करायच्या बटणात माणसाचा जीव घातला, त्याने आधी अशा एखाद्या म्हाताऱ्याच्या शेजारी चार महिने राहून बघायला हवं होतं, असं मला वाटतं, आणि हे मी भाईला, आम्ही भांडलो त्या रविवारी, म्हणायला हवं होतं.

खोलीचं काय करायचं ते शुभा ठरवेल. तोवर किल्ली माझ्याकडे आहे. मी अधूनमधून जाऊन खिडक्या उघडतो, दुपार झाली तर त्याच्या खाटेवर जरा पाठ टेकतो. गेल्या आठवड्यात परबवहिनींना म्हटलं, ती बेल काढून टाकतो, तुमच्या ओट्यावर उगाच वायर लोंबकळते. त्या भाकरी थापत होत्या, हात थांबवला नाही.

"कशाला काढताय? तुम्ही येता ना इथे एकटेच. तुमचं पण वय काय कमी नाय."

मी म्हटलं, "माझ्याकडे फोन आहे, वहिनी."

"असूंदे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बेल वाजवा. मी येईन."